साधे इंग्रजी शब्द, भलतेच अर्थ: चार्ज, पिच, स्टॉक, डिस्चार्ज वगैरे

मसुदाकार (धागाकर्ता)

भाषांतराच्या कामात अवघड शब्द फारसे अडवत नाहीत. 'हायपोथिकेशन' आला की आपण निमूट कोश उघडतो, 'नजरगहाण' सापडतो आणि काम पुढे सरकते. घात करतात ते चार्ज, ड्राफ्ट, इंटरेस्ट, सेट, स्टॉक असले रोज तोंडात असलेले शब्द. ते येतातच अशा समजुतीत कोश उघडलाच जात नाही. मग 'बँकेचा फ्लॅटवर चार्ज आहे' याचे 'बँक फ्लॅटसाठी शुल्क आकारते' होऊन बसते. वाक्य शुद्ध, अर्थ साफ चुकीचा. मुद्रितशोधकही ते सोडून देणार, कारण वाक्य म्हणून त्यात खटकण्यासारखे काहीच नाही.

या धाग्यावर ज्याने त्याने आपल्या कामातले असे शब्द लिहावेत. नुसती यादी नको. कुठल्या धंद्यात कुठला अर्थ, त्याला मराठीत रुळलेला शब्द कोणता, आणि चुकले तर काय बिघडते, हे द्या. 'चार्ज'पासून सुरुवात करतो.

वीजबिलावर तो 'आकार' असतो: स्थिर आकार, वहन आकार. सरकारी कचेरीत तो कार्यभार, आणि एकाकडे दोन खुर्च्या आल्या की अतिरिक्त कार्यभार. कर्ज काढले की बोजा, सातबारावर 'इतर हक्क'मध्ये चढतो तोच. फौजदारी कोर्टात दोषारोप. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात प्रभार. पोलिसांच्या काठीला जोडून आला तर लाठीमार. सुरुंगात ठासतात ती दारूही चार्ज, आणि भट्टीत एका खेपेला भरतात तो माल, म्हणजे आपला घाणा, हाही चार्जच.

मुळात लॅटिन 'कार्रुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाडा भरणे, ओझे लादणे. हे एकदा कळले की वरची सगळी रांग सरळ दिसते: रक्कम लादली, काम लादले, कर्ज लादले, आरोप लादला. मराठी शब्दांतही ते ओझे जागोजागी शिल्लक आहे. कार्यभारात भार, प्रभारात भार, आणि बोजा तर उघडउघड ओझेच.

बातम्यांमध्ये सर्वाधिक होणारी चूक म्हणजे 'चार्जशीट' आणि 'चार्ज' यांची सरमिसळ. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात देतात ते आरोपपत्र. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहून ठरवतात की खटला चालवण्याजोगे काही आहे का, आणि असेल तर दोषारोप ठेवतात. या दोन पायऱ्यांत कधीकधी वर्षे जातात. 'चार्जेस फ्रेम्ड' याचे 'आरोपपत्र दाखल' केले तर बातमी एक पायरी मागे जाते.

---

काळाकोट_फोर्ट

मसुदाकार, पायऱ्यांचा मुद्दा रास्त आहे. त्याच दोन पायऱ्यांच्या मध्ये 'डिस्चार्ज' बसतो. दोषारोप ठेवण्याआधीच आरोपीला सोडले तर ती दोषमुक्ती, आणि पूर्ण खटला चालून, पुरावा तपासून सोडले तर 'अ‍ॅक्विटल', म्हणजे निर्दोष मुक्तता. वर्तमानपत्रांत दोन्हींना 'निर्दोष सुटका' लिहितात. फरक मोठा आहे. दोषमुक्तीत पुरावा तपासलेलाच नसतो.

कायद्याच्या इंग्रजीत रोजचे शब्द रोजच्या अर्थाने क्वचितच येतात. काही ठळक:

'कन्सिडरेशन'. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २(ड) मध्ये याची व्याख्या आहे. मराठी प्रतिफल, बोलीत मोबदला. 'फॉर व्हॅल्युएबल कन्सिडरेशन' याचे 'मौल्यवान विचारार्थ' असे भाषांतर करारनाम्यात गेले तर नुसती भाषा बिघडत नाही. मोबदल्याचा उल्लेखच कागदातून नाहीसा होतो, आणि मोबदल्याविना केलेला करार, थोडे अपवाद सोडले तर, कायद्याने रद्दबातल ठरतो.

'एक्झिक्यूशन'. दस्तऐवजाचे असेल तर निष्पादन, म्हणजे सही करून तो पुरा करणे. हुकूमनाम्याचे असेल तर बजावणी. माणसाचे असेल तर देहदंड. आणि 'सर्व्हिस ऑफ समन्स' हीसुद्धा मराठीत बजावणीच, तेव्हा इथे मराठी शब्दही दोन ठिकाणी राबतो. मागचापुढचा शब्द पाहूनच लिहावे: समन्सची बजावणी, हुकूमनाम्याची बजावणी.

'प्रेअर' म्हणजे अर्जातली मागणी. 'रिलीफ' म्हणजे दाद. 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे संलेख. चेक न वटल्याच्या तक्रारी ज्या कायद्याच्या कलम १३८ खाली होतात त्याचे नावच परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. 'टायटल' म्हणजे मालकीचा हक्क. मुंबईच्या वर्तमानपत्रांत वकिलांच्या जाहीर नोटिशींमध्ये 'निर्वेध व विक्रीयोग्य' असे येते ना, ते 'क्लिअर अँड मार्केटेबल टायटल'.

'विदाऊट प्रेज्युडिस' हा वेगळा घ्यायला हवा. तडजोडीच्या पत्रावर माथ्यालाच लिहितात. 'पूर्वग्रह न ठेवता' असे केले तर वाचणाऱ्याला वाटते पत्र लिहिणारा मनमोकळा आहे. खरा अर्थ: या पत्रात काहीही देऊ केले असले तरी आमच्या हक्कांना बाध न आणता. पत्र पाठवणारा आपली कवाडे बंद ठेवतो आहे, आणि भाषांतर ती सताड उघडते.

उलट अर्थ एकाच शब्दात नांदतात तेही पाहा. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. लोकसेवकावर खटला चालवायला भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम १९ खाली लागते ती पूर्वमंजुरी; एका देशाने दुसऱ्यावर लादले तर निर्बंध. ओळखायची खूण सोपी: कर्ज, पद, खर्च, खटला यांच्याबरोबर आला की मंजुरी. 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' जोडून देशाचे नाव आले, आणि शब्द बहुधा अनेकवचनी, की निर्बंध. 'ओव्हरसाइट' तसाच: देखरेख आणि नजरचूक. यात मराठीला नवल वाटू नये. नजर ठेवणे आणि नजरेतून सुटणे, दोन्ही नजरेचेच.

---

नागदेवी_आटे

या चर्चेला आपण धागा म्हणतो तो 'थ्रेड'चा अनुवाद. वर्कशॉपमध्ये 'थ्रेड' म्हणजे स्क्रू-बोल्टवरचे आटे. मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, जाऊन धागा मागितला तर शिलाईच्या दुकानाची वाट दाखवतील.

यांत्रिक कामाच्या पुस्तिकांचे मराठी वाचवत नाही, कारण 'टॅप'चा नळ करतात. आटे पाडायच्या कामातला टॅप म्हणजे भोकाच्या आतून आटे कापणारे हत्यार. बाहेरून दांड्यावर आटे कापते ती डाय. तीच 'डाय' पत्र्याच्या कामात साचा असते, आणि सोंगट्यांच्या खेळात फासा. या कुठल्याच डायचा मरण्याशी संबंध नाही, तो शब्दच वेगळा.

'पिच' म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर. 'एम १० × १.५' असे लिहिले असेल तर बाहेरचा व्यास १० मिमी, पिच १.५ मिमी. आटे पाडण्याआधी भोक किती मारायचे? व्यासातून पिच वजा करा, आणि उत्तराच्या जवळचे ड्रिल घ्या.

एम ६ × १: भोक ५ मिमी
एम ८ × १.२५: भोक ६.८ मिमी
एम १० × १.५: भोक ८.५ मिमी
एम १२ × १.७५: भोक १०.२ मिमी

भोक लहान पडले तर टॅप अडकून तुटतो, आणि तुटलेला टॅप ड्रिलने निघत नाही, तो ड्रिलइतकाच कडक असतो. भोक मोठे झाले तर आटे उथळ पडतात आणि बोल्ट आवळताना सटकतो. टॅप सरळ धरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवल्याने कीस तुटतो. लोखंडात तेल हवेच.

आता भाषेचा खरा खड्डा. हाताने वापरायचे टॅप तीनच्या संचात येतात. ब्रिटिश पद्धतीत त्यांची नावे टेपर, सेकंड, प्लग. अमेरिकी पद्धतीत टेपर, प्लग, बॉटमिंग. म्हणजे ब्रिटिश 'प्लग' हा तिसरा, बंद भोकाच्या तळापर्यंत आटे नेणारा. अमेरिकी 'प्लग' हा मधला. अमेरिकी पुस्तिका वाचून 'प्लग टॅपने सुरुवात करा' असे लिहिले आणि वाचणाऱ्याच्या हातात ब्रिटिश नावाचा संच असला, तर तो तळाचा टॅप कोऱ्या भोकावर लावणार. त्याच्या टोकाला निमुळतेपणा जवळजवळ नसतो, तो धरतच नाही, आणि जोर केला तर तुटतो. अनुवादात नावाऐवजी पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक द्यावेत. दुकानदारालाही तेच कळते.

इंचाच्या मापात पिच सांगत नाहीत, एका इंचात आटे किती ते सांगतात. अर्धा इंची बोल्टला जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत १२ आटे, अमेरिकी यूएनसी पद्धतीत १३. नट पहिले दोन फेरे चढतो आणि मग बसतो. लोक पान्याला लांब पाइप लावून तो पुढे रेटतात आणि दोन्ही वाया घालवतात.

आणि 'अर्धा इंच' हा शब्दप्रयोगसुद्धा फसवा. नळजोडणीतल्या अर्ध्या इंची आट्याचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिमी भरतो. अर्धा इंच हे पाइपच्या पोकळीचे ठोकळ माप आहे. फूटपट्टी लावून माप घेणारा पाऊण इंची घेऊन घरी जातो.

---

गिरगाव_शिकवणी

दादा, आट्यांचे वर्णन वाचून 'पिच' विद्यार्थ्यांना कसा समजवावा ते सापडले. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. गाण्यात पिच म्हणजे पट्टी, काळी चार की पांढरी एक. छपराचा उतार हाही पिच. आणि डांबर हाही पिच, 'पिच डार्क' म्हणजे डांबरासारखा काळाकुट्ट अंधार. मात्र शेवटचा पिच बाकीच्यांचा कुणीच लागत नाही. तो लॅटिन 'पिक्स'वरून आला, बाकीचे रोवणे, ठोकणे, फेकणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, शिकवताना तोच सर्वांत उपयोगी पडतो. 'चार्ज' हा एक शब्द, त्याला अनेक अर्थ फुटले. 'बँक' हे कोशात दोन शब्द, निरनिराळ्या वाटांनी इंग्रजीत आलेले, जरी दूरचे जर्मानिक मूळ एकच: नदीकाठ एका वाटेने, पैशांची बँक इटालियन 'बांका' म्हणजे सराफाच्या बाकावरून. 'बॅट' हे तर योगायोगानेच सारखे दिसणारे दोन शब्द, वटवाघूळ आणि फळी यांचे नाते नाही. 'मीन' तर तीन शब्द: अर्थ असणे हा एक, हलका किंवा कंजूष हा दुसरा, सरासरी हा तिसरा. सरासरीचा 'मीन' लॅटिन 'मेडियानुस'वरून आला, म्हणजे मधला. आपल्या पाठ्यपुस्तकात मीन, मीडियन, मोड यांना मध्य, मध्यक, बहुलक म्हणतात. मुलांचा घोळ मध्य आणि मध्यक यांत होतो, आणि इंग्रजीतही दोघे एकाच मुळाचे.

कोशात हे कसे ओळखायचे? शब्दाच्या डोक्यावर लहान १, २, ३ असे आकडे असतील तर ते निरनिराळे शब्द. एकाच नोंदीखाली १, २, ३ असतील तर एकाच शब्दाचे अर्थ. बहुतेक विद्यार्थी पहिल्या नोंदीचा पहिला अर्थ उचलतात. ऐतिहासिक कोशात पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, सर्वांत प्रचलित नव्हे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी अशाच क्रमाने लावली आहे. विद्यार्थ्यांसाठी काढलेले कोश बहुधा वापराच्या क्रमाने असतात. कोश हातात घेतल्यावर प्रस्तावनेत हे आधी पाहावे.

त्याच ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या २० खंडी आवृत्तीत सर्वाधिक अर्थ 'सेट'चे होते, एकट्या क्रियापदाचे ४३० च्या आसपास. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकले: ६४५ अर्थ, आणि ती एक नोंद लिहायला संपादकाला नऊ महिने लागले.

'सेट' मराठीत आणताना मात्र मजा येते. दही लागते. सूर्य मावळतो. सिमेंट आळते. हाडवैद्य हाड बसवतो. झवेरी बाजारात खडा कोंदणात बसवतात. गजर लावतात. प्रश्नपत्रिका काढतात. गणितात संच. सुताराच्या करवतीलाही सेट असतो: एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे किंचित वाकवलेला, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते लाकडात अडकत नाही.

मराठी 'लावणे' याहून कमी नाही. दिवा, दार, रोप, पैज, अर्थ, हजेरी, चाल, सगळे लावतोच आपण. अर्थ वेगळे झालेत का हे पाहायची एक कसोटी आहे: दोन्ही एका क्रियापदात कोंबून पाहा. 'तिने दार आणि खिडकी लावली' सुरळीत जाते. 'तिने दार आणि तुळस लावली' म्हटले की वाक्य लंगडते. लंगडले की समजावे अर्थ दोन आहेत, आणि इंग्रजीत त्यांना बहुधा दोन शब्द लागतील.

---

काळाकोट_फोर्ट

बाई, मुळाचे चित्र दाखवणे वर्गात ठीक. पण कामाच्या टेबलावर त्याचा भरवसा धरू नये असे माझे ठाम मत आहे. 'कन्सिडरेशन'चे मूळ कितीही उकरले तरी 'प्रतिफल' हाती लागणार नाही, ते कलम २(ड) वाचूनच कळते. 'डॉक' घ्या. गोदी म्हणजे डॉक, सॅसून डॉक १८७५ चा. कोर्टात आरोपीचा पिंजरा हाही डॉक. गोदीत जहाज अडकवतात तसे आरोपीला अडकवतात, असे चित्र कुणीही सहज रंगवील, आणि ते खोटे आहे. पिंजऱ्याचा डॉक फ्लेमिश भाषेतल्या खुराडे या अर्थाच्या शब्दावरून आला. पगार 'डॉक' करणे हा तिसरा, शेपूट छाटण्यावरून. चित्र पटले म्हणजे व्युत्पत्ती खरी असे नसते.

---

गिरगाव_शिकवणी

हे मान्य. म्हणून तर डोक्यावरचा आकडा आधी पाहायचा. आकडा वेगळा असेल तर चित्र जोडायचेच नाही.

---

खुंटकलम

आकडा एकच असूनही अर्थ किती लांब जातात त्याचा नमुना 'स्टॉक'. मुळात झाडाचा बुंधा, ओंडका. फळबागेत 'रूटस्टॉक' म्हणजे खुंट, ज्यावर कलम बांधतात ते रोप. वर बांधायची फांदी ती 'सायन', आपली कलमकाडी. बंदुकीचा लाकडी दस्ता स्टॉक. दुकानातला साठा स्टॉक. गुरेढोरे 'लाइव्हस्टॉक', पशुधन. हाडे-भाज्या उकळून काढलेले पाणी स्टॉक. रेल्वेचे डबे-इंजिने 'रोलिंग स्टॉक'. शेअर बाजारातला तर सगळ्यांना ठाऊक.

इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात कर्जाचा हिशेब लाकडी काठीवर खाचा पाडून ठेवत. काठी उभी चिरून दोन तुकडे करत. कर्ज देणाऱ्याकडे राहणारा लांब तुकडा 'स्टॉक', कर्ज घेणाऱ्याचा आखूड तो 'फॉइल'. वाद झाला की दोन्ही जुळवून पाहायचे, खाचा आणि लाकडाच्या रेषा जुळल्या पाहिजेत. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. जुन्या काठ्या १८३४ मध्ये जाळताना भट्ट्या अनावर झाल्या आणि ब्रिटिश संसदेची इमारतच जळाली. 'स्टॉकहोल्डर'ची एक व्युत्पत्ती या तुकड्याशी जोडतात.

आता मराठी बाजू. गुन्हेगाराचे पाय लाकडात अडकवायचे त्याला इंग्रजीत 'द स्टॉक्स', ओंडक्यावरून. आपल्याकडे त्याला खोडा म्हणतात, खोडावरून. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच शब्द त्याच वाटेने नेला. 'कामात खोडा घालणे' हा वाक्प्रचार त्यातूनच निघाला.

बागेच्या पुस्तिकेत चूक होते ती अशी: 'टू-इयर-ओल्ड स्टॉक' याचे 'दोन वर्षांचा साठा'. हवे ते 'दोन वर्षांचा खुंट'. रोपवाटिकेतला माणूस साठा वाचून जुनी रोपे बाजूला काढेल.

---

सांधेवाला

रेल्वेचे थोडक्यात. 'पॉइंट्स' म्हणजे सांधा, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते ती जागा. 'पॉइंट्स फेल्युअर' याचे 'गुण कमी' किंवा 'मुद्दे फसले' असे यंत्राने केलेले भाषांतर पाहायला मिळते. सांध्यात बिघाड, असे लिहावे.

'ब्लॉक' दोन. एक जागेचा: ब्लॉक सेक्शन म्हणजे रुळांचा असा तुकडा की ज्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. दुसरा वेळेचा: देखभालीसाठी गाड्या बंद ठेवलेले काही तास, रविवारचा मेगाब्लॉक तो हा. 'ब्लॉक ऑक्युपाइड' आणि 'ब्लॉक ग्रँटेड' यांत म्हणून काहीच साम्य नाही.

'स्लीपर' रुळाखालीही असतो आणि लांबच्या गाडीत डबाही. 'बोगी' आपण डब्याला म्हणतो. तंत्रज्ञ डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला म्हणतात. तांत्रिक मजकुरात 'बोगी बदलली' म्हणजे डबा तोच आहे.

'फास्ट'बद्दल एक. जुना अर्थ घट्ट, पक्का. कपड्याचा 'फास्ट कलर' पक्का रंग, 'फास्ट अस्लीप' गाढ झोप, आणि उपास हाही त्याच कुळातला, नियम घट्ट धरणे. मराठीतही उपास धरतातच. वेगाचा अर्थ नंतरचा.

---

पांढरा_ॲप्रन

काळाकोट साहेबांनी 'डिस्चार्ज' काढला, त्यात रुग्णालयाची भर घालते. रुग्णाला घरी सोडणे डिस्चार्ज, जखमेतून येणारा स्राव डिस्चार्ज. बाहेर पाहिले तर धरणातून सोडलेले पाणी विसर्ग, क्युसेकमध्ये मोजलेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. जहाजातून माल उतरवणे, कर्ज फेडणे, कर्तव्य पार पाडणे, सगळे डिस्चार्ज. मसुदाकारांच्या गाड्यावरचे ओझे इथे उतरते आहे.

'अ‍ॅक्यूट'कडे लक्ष द्यावे. सरसकट 'तीव्र' लिहितात. वैद्यकात अ‍ॅक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेला आणि थोड्या काळाचा, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेला. दोन्ही शब्द काळाबद्दल बोलतात, जोराबद्दल नाही. जोरासाठी 'सिव्हिअर' आहे. साधी सर्दीसुद्धा अ‍ॅक्यूटच. 'माइल्ड अ‍ॅक्यूट' असे आले की 'सौम्य तीव्र' लिहावे लागते आणि तिथे चूक उघडी पडते. 'अ‍ॅक्यूट ऑन क्रॉनिक' म्हणजे जुना आजार अचानक उफाळला. मूळ अर्थ अणकुचीदार. भूमितीत म्हणूनच लघुकोन.

'टेंडर' पोटाच्या तपासणीत आला तर दाबल्यावर दुखते. कचेरीत निविदा, नोटेवर चलन, भाजीत कोवळी.

'पेशंट डिनाइज फीव्हर' म्हणजे ताप आल्याचे विचारले, रुग्णाने नाही म्हटले. 'रुग्ण ताप नाकारतो' असे लिहिले की तो खोटे बोलतो आहे असा वास येतो, आणि विम्याच्या दाव्यात असा वास महागात पडतो. 'ग्रॉस' तपासणीच्या अहवालात म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल तेवढे. पगारात एकूण, बटणांच्या बाजारात १४४ नग.

'कल्चर' म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे. 'मोशन' म्हणजे शौच; विधानभवनात तोच प्रस्ताव.

---

नवा_वाचक_लालबाग

सगळा धागा वाचला. एक अडचण आहे. सोसायटीच्या सूचनेत पुढची वाक्ये इंग्रजीत आली आहेत, मराठीत लावायची आहेत: 'द ड्राफ्ट मिनिट्स शॅल बी टेबल्ड. आउटस्टँडिंग चार्जेस शॅल अ‍ॅट्रॅक्ट सिंपल इंटरेस्ट. मेंबर्स इन अरिअर्स शॅल नॉट मूव्ह ऑर सेकंड एनी मोशन.'

---

मसुदाकार

हा नमुना या धाग्यासाठीच बेतल्यासारखा आहे. एकेक शब्द घेऊ.

'ड्राफ्ट': इथे मसुदा. बँकेत धनाकर्ष, बंदरात जहाज पाण्यात जेवढे खोल बुडते ती खोली, इथे त्यांचा संबंध नाही.

'मिनिट्स': सभेचे इतिवृत्त.

'टेबल्ड': इथे सावध. भारतात आणि ब्रिटनमध्ये टेबल करणे म्हणजे सभेपुढे ठेवणे. अमेरिकेत नेमके उलट, चर्चा बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांची या एका शब्दावरून लांबलचक वादावादी झाली, आणि दोघांनाही तेच हवे होते. मुंबईतल्या सोसायटीची सूचना, तेव्हा 'सभेपुढे ठेवणे'.

'आउटस्टँडिंग': थकीत. उत्कृष्ट नव्हे. रकमेबरोबर आला की अजून न भरलेली, येणे बाकी असलेली; इथे ती थकीत.

'चार्जेस': सोसायटीचे आकार. बोजा लिहू नका, तो बँकेचा.

'अ‍ॅट्रॅक्ट': व्याज 'लागते'. 'आकर्षित करते' असे कुठेही लिहू नये.

'इंटरेस्ट': व्याज, 'सिंपल' म्हणजे सरळ. 'साधे व्याज' म्हटले तरी कळते, हिशेबाच्या पुस्तकांत सरळव्याज रुळला आहे.

'मूव्ह' आणि 'सेकंड': ठराव मांडणे आणि त्याला अनुमोदन देणे. सूचक, अनुमोदक.

'मोशन': ठराव. वर पांढरा ॲप्रन यांनी सांगितलेला दुसरा अर्थ सभेत कामाचा नाही.

जुळवून: 'इतिवृत्ताचा मसुदा सभेपुढे ठेवण्यात येईल. थकीत आकारांवर सरळव्याज लागेल. थकबाकीदार सभासदांना कोणताही ठराव मांडता येणार नाही किंवा त्याला अनुमोदन देता येणार नाही.'

---

काळाकोट_फोर्ट

एक दुरुस्ती. 'इतिवृत्ताचा मसुदा सभेपुढे ठेवण्यात येईल' एवढ्याने काम भागत नाही. ठेवला आणि पुढे काय, असे सभासद विचारतील. मूळ इंग्रजीत नसले तरी सूचनेत 'मंजुरीसाठी' हा शब्द समितीकडून घालून घ्या. भाषांतरकाराने तो स्वतः घालू नये. तिसरे वाक्य सूचनेत राहू द्यायचे की नाही, हेही समितीने आपल्या उपविधीत ताडून पाहावे. मत मांडायचा हक्क काढून घ्यायला उपविधीत आधार लागतो.

---

नवा_वाचक_लालबाग

समितीला कळवतो. आभारी आहे. 'सिंकिंग फंड'चे काय लिहावे? खालच्या परिच्छेदात आहे.

---

मसुदाकार

'बुडता निधी' नको. इथे 'सिंक' म्हणजे कर्ज किंवा खर्च हळूहळू उतरवत नेणे, त्यासाठी दरवर्षी बाजूला टाकलेली रक्कम. सोसायटीच्या कागदांत 'सिंकिंग फंड' असेच देवनागरीत लिहिलेले चालते, सभासदांना तोच शब्द ओळखीचा आहे.